नऊ डिसेंबरची रात्र

(नौदल दिनानिमित्त आयोजित कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन)



डिसेंबर उजाडला की आपण ४ तारखेचे स्मरण करतो. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर धाडसी हल्ला चढविला. त्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु आज मी आपल्याला त्यानंतर पाचच दिवसांनी आलेल्या एका रात्रीकडे घेऊन जाणार आहे. विजयाच्या कथनात तिचा उल्लेख ओझरताच होतो, कारण त्या रात्री आपण हरलो होतो.

पाकिस्तानची 'हंगोर' ही पाणबुडी काठियावाडच्या किनाऱ्यालगत वावरत असल्याचा सुगावा नौदलाला लागला. तिचा माग काढण्यासाठी 'खुकरी' आणि 'कृपाण' या पाणबुडीविरोधी युद्धनौका मुंबईहून निघाल्या. 'खुकरी'चे नेतृत्व कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्याकडे होते. गोरखपूरला १९२६ साली जन्मलेला हा अधिकारी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. 'हंगोर'ची ध्वनिशोधक यंत्रणा आपल्या नौकांपेक्षा सरस होती, त्यामुळे शिकाऱ्याचेच सावज झाले. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर 'खुकरी'वर पाणतीर आदळला आणि अवघ्या काही मिनिटांत नौका समुद्रात गडप झाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण तिच्याबरोबर गेले. ६७ जण वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याची जगातील ती पहिली घटना होती.

त्या मोजक्या मिनिटांत मुल्लांनी काय केले? नौका सोडण्याचा आदेश दिला, शांतपणे सुटकेचे काम चालविले आणि स्वतःचे जीवरक्षक साधन एका नौसैनिकाला देऊन टाकले. जमेल तितक्यांना बाहेर काढल्यावर आणखी कोणाला वाचविता येईल का, हे पाहण्यासाठी ते पुन्हा नौकेच्या नियंत्रणकक्षाकडे गेले. नौकेसह पाण्यात जाताना ते अखेरचे दिसले. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर महावीर चक्र अर्पण केले.

कधी कधी तरुण मंडळी विचारतात, 'एवढ्या अनुभवी अधिकाऱ्याने स्वतःला वाचविणे अधिक उपयोगाचे नव्हते का?' प्रश्न प्रामाणिक आहे, तो झटकून टाकू नये. नौकेबरोबर बुडावे, असा कप्तानावर कोणताही नियम नसतो. मुल्ला मृत्यूला कवटाळायला परतले नव्हते. आपली माणसे अजून आत होती, म्हणून ते परतले. हौतात्म्याची हौस आणि कर्तव्याची जाणीव यांतला फरक येथे आहे. ज्याच्या शब्दावर शेकडो माणसे समुद्रात उतरली, त्याने हिशेब स्वतःपासून सुरू करायचा नसतो, एवढेच त्यांना ठाऊक होते.

आणि त्या १७६ नौसैनिकांचे काय? त्यांतील कित्येक जण नौकेच्या पोटात आपापल्या जागी काम करीत होते. त्यांना आकाशही दिसले नसेल. रणभूमीवर पडलेल्याचा देह निदान कधी तरी घरी येतो. समुद्र देह परत करीत नाही. आपल्याकडे देह न मिळालेल्यासाठी पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यायचा. परंतु शास्त्र सांगते तेवढ्याने आईचे मन ऐकते का? दारावर थाप पडली की तिला आणखी किती वर्षे तोच भास होत राहतो!

दीवच्या किनाऱ्यावर 'खुकरी'चे स्मारक आहे. काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती आहे आणि समोर अथांग अरबी समुद्र. पुढे १९८९ मध्ये नौदलाने मुंबईत माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या नौकेला 'खुकरी' हेच नाव दिले. बत्तीस वर्षे सेवा करून ती २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आता तीही दीवमध्ये, आपल्या पूर्वजेच्या सान्निध्यात, संग्रहालय म्हणून विसावली आहे. नौदल आपली माणसे विसरले नाही. प्रश्न आपला आहे.

जे राष्ट्र केवळ विजयाचे उत्सव करते, त्याला विजयाची किंमत कळत नाही. म्हणून माझी एक छोटीशी विनंती आहे. येत्या ९ डिसेंबरला रात्री पावणेनऊ वाजता घरातील दूरदर्शन संच पाच मिनिटे बंद ठेवा, देवापाशी एक पणती लावा आणि मुलांना 'खुकरी'ची गोष्ट सांगा. एकट्या कप्तानाची नको, एकशे चौऱ्याण्णव जणांची सांगा.