शेजार : संयोग की समवाय?
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरींनी बजावलंय, सर, थोडक्यात अन् समजेल असं बोला. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला दोन्ही अवघडच!

घर विकलं की शेअर सर्टिफिकेटवर नवं नाव चढतं. सोसायटी तीच, प्लॉट तोच. वैशेषिक दर्शनात अशा संबंधाला संयोग म्हणतात. टेबलावरचं पुस्तक उचललं, तरी टेबल टेबलच राहतं. धागे आणि कापड यांचा मात्र समवाय. धागे काढले की कापड उरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे इंग्लंडात रसेल ब्रॅडलीशी याच प्रश्नावर वाद घालत होता, की संबंध वस्तूच्या स्वभावात शिरतात की बाहेरच राहतात. रसेल म्हणे, बाहेर. (हे विषय आपल्यालाही लांबचे नाहीत. अमळनेरला प्रतापशेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते याच कामासाठी.)

माझा पुण्याचा मुलगा रसेलच्या बाजूचा. 'बाबा, घर विका, इकडे या. सावद्यात काय अन् पुण्यात काय, तुम्ही तेच.'

आता केळी बघा. सावदेकरांना केळीबद्दल मी काय सांगणार? पण कच्च्या फण्यांत एक पिकलेली फणी ठेवा. नातं नुसतं शेजारचं. तरी तिच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि बाजूच्या हिरव्या फण्या पिवळ्या पडू लागतात. मग ती उचलून नेली, तरी पिवळं परत हिरवं होत नाही.

जुन्या लोकांनी हे मडक्यावरून ओळखलं होतं. कच्चा घडा भट्टीत लाल होतो; विस्तव गेला तरी लाली राहते. वैशेषिक म्हणाले, जुना घडा परमाणूंपर्यंत मोडला, हा नवा. नैयायिक म्हणाले, घडा तोच, रंग बदलला. मला नैयायिकांचं पटतं.

म्हणजे मुलाचं निम्मं खरं. मी तोच. पण पंचवीस वर्षांपूर्वी आलो तेव्हा कोणाकडे काही मागणं मला जमायचं नाही. आमची मंडळी दवाखान्यात होती, तेव्हा अकरा दिवस शेजारून न सांगता डबा आला. भरीत अन् कळण्याची भाकरी. तेव्हापासून मी वाटी घेऊन साखर मागायला बिनधास्त जातो.

ही सवय पुण्याला माझ्याबरोबर येणारच. तिथे वाटी घेऊन कोणाच्या दारात जायचं, एवढंच मुलाला विचारलं. तो म्हणाला, 'मोबाईलवर मागवा, दहा मिनिटांत घरपोच येते.'