घरट्याचा हंगाम आणि ठेकेदाराचा हंगाम



कोकणात पाऊस ओसरला की दोन कामे एकाच सुमारास सुरू होतात. रस्ते, पूल, जेट्ट्या यांच्या जागी यंत्रे परततात. आणि किनाऱ्यालगतच्या एखाद्या उंच आंब्यावर किंवा सुरूवर समुद्र गरुडाची जोडी आपल्या जुन्या घरट्यावर नव्या काटक्या रचू लागते. पांढऱ्या पोटाचा हा मोठा शिकारी पक्षी वर्षानुवर्षे तेच घरटे वापरतो. बहुधा दोन अंडी, ती उबण्यास सुमारे सहा आठवडे आणि पिल्लू उडते होण्यास आणखी दहाएक आठवडे. हे चार महिने नेमके बांधकामाचे महिने असतात. तेव्हा संघर्षाचे मूळ पक्षी आणि विकास यांच्या कुठल्या तात्त्विक वैरात नसून या वेळापत्रकात आहे.

कायदा याबाबत मुका नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना बाधा आणणे समाविष्ट आहे, आणि समुद्र गरुड पहिल्या अनुसूचीत आहे. पण निविदेत खडीचे माप आणि विलंबाचा दंड जितक्या काटेकोरपणे लिहिलेला असतो, तितक्या काटेकोरपणे घरट्याचे कलम लिहिल्याशिवाय हा कायदा कामाच्या जागेवर पोहोचत नाही. तिथे करवत चालवणारा मजूर रोजंदारीवरचा असतो. आरोप आला तर तो त्याच्यावर, आणि काम थांबले तर चूलही त्याचीच विझते! आराखडा आखणारा या दोन्हींपासून सुरक्षित असतो.

अमेरिकेत पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला १९४० पासून स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. तेथील वन्यजीव खात्याच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, काम घरट्यावरून दिसत नसले तरी ६६० फुटांच्या आतील झाडतोड आणि बाहेरचे बांधकाम विणीच्या हंगामाबाहेर करावे. त्यामुळे तेथील भांडवलाने देश सोडल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे मात्र 'काम खोळंबेल' हे उत्तर तयार असते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून दशकाहून अधिक काळ रखडले, ते भूसंपादनामुळे आणि ठेकेदारांमुळे. कुणा गरुडामुळे नव्हे. एका झाडापाशी चार महिने थांबून टोळी पुढच्या किलोमीटरवर नेणे अशक्य नाही. तरीही मजूर रिकामे बसलेच, तर त्या दिवसांची मजुरी ठेकेदाराने द्यावी, हे त्याच कलमात लिहून घेतले पाहिजे. अन्यथा मजुराला पक्ष्याविरुद्ध उभे करणे ठेकेदाराला फार सोपे जाते.

केवळ थांबणेही पुरेसे नाही. पिल्लू उडाल्यावर झाड तोडले, तर पुढच्या हंगामात ती जोडी परतेल कोठे? त्यासाठी आखणीच बदलावी लागते, आणि आखणी कागदावर असतानाच ती बदलता येते.

रापण ओढणाऱ्यांना, माडावर चढणाऱ्यांना अशी झाडे ठाऊक असतात. पावसाळ्यातच त्यांच्याकडून गावनिहाय यादी करून ती ग्रामसभेत नोंदवावी, आणि ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी वनविभाग व सार्वजनिक बांधकाम विभाग या दोघांना देऊन लेखी पोच घ्यावी.