हंगाम नसतानाचे चांपानेर

श्रोतेहो, सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी उभी राहते. सारे जग ज्या वेळी निघते त्याच वेळी आपणही निघतो, आणि गाडीत जागा नाही, धर्मशाळेत खोली नाही, अशी तक्रार घेऊन घरी परततो. गेल्या जुलैत वडोदऱ्यातील आम्ही काही मराठी शिक्षकांनी, मुलेबाळे धरून बावीस जणांनी, हा रिवाज मोडला. त्याचे कारण काही थोर नव्हते. मे महिन्यातील महाबळेश्वरचा खर्च आमच्यापैकी दोन कुटुंबांना झेपण्याजोगा नव्हता, आणि त्यांना मागे ठेवून जाणे इतरांच्या जिवावर आले होते.

वडोदऱ्याहून पन्नासएक किलोमीटरवर पावागड आहे. प्रथम शिखरावरील कालिकामातेचे मंदिर गाठावयाचे आणि उतरताना वेळ उरलाच तर पायथ्याचे चांपानेर पाहावयाचे, असा बेत होता. पण माचीस पोहोचलो तो धुके असे उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. पायऱ्या निसरड्या झालेल्या, रोपवे बंद. आमच्याबरोबरच्या एका वयस्कर बाईंचे गुडघे दुखत होते. "तुम्ही वर जाऊन या, मी इथेच बसते," असे त्या म्हणाल्या. परंतु बावीस निघालो आहोत, बावीसच राहू, असे ठरवून आम्ही मागे फिरलो. मुलांनी कितीतरी वेळ माझ्याशी अबोला धरला.

त्या माघारीनेच आम्हांला एक नगर दाखविले. महमूद बेगड्याने दीर्घ वेढ्यानंतर १४८४ साली पावागड घेतला व पायथ्याशी आपली राजधानी वसविली. १५३५ साली हुमायूनचे लोक कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून रात्री वर चढले आणि किल्ला पडला. पुढे राजधानी अहमदाबादेस परत गेली, आणि गजबजलेले शहर हळूहळू रानाने गिळले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे प्रा. र. ना. मेहता यांनी येथे उत्खनन केले, आणि २००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागडला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. नवरात्रात यात्रेकरूंची रीघ याच वाटेने जाते. पण तिची नजर शिखराकडे लागलेली असते.

मी स्वतः पूर्वी एकदा भर उन्हाळ्यात हे नगर पाहिले होते. तेव्हा मला जामा मशिदीचे उंच मिनार तेवढे आठवणीत राहिले; बाकी सारे दगड. पावसात मात्र ते दगड बोलू लागले. डोंगरावर तेलिया, छासिया, दूधिया अशी तळी आहेत. खाली विस्तीर्ण वडा तलाव आहे. गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची विहीर आहे. पडलेला थेंब वाया जाऊ द्यावयाचा नाही, या हिशेबावर ते शहर उभे होते. ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती त्या गुडघेदुखीने बेजार झालेल्या बाईंच्या. त्या एका ओट्यावर बसून वाहते पाणी न्याहाळीत होत्या. रुसलेली मुले एकेक करून त्यांच्याभोवती जमली आणि पाणी कोठून येते, कोठे जाते, याचा माग काढू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डभोईस गेलो. हिरा भागोळीचे कोरीवकाम पाहताना मी मुलांना १ एप्रिल १७३१ची लढाई सांगितली. त्या दिवशी याच परिसरात थोरल्या बाजीरावांनी सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांचा पराभव केला; दाभाडे कामास आले. "म्हणजे आपण जिंकलो," मी सवयीने बोलून गेलो. तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, पिलाजीराव गायकवाड तर दाभाड्यांच्या बाजूस होते. मग आपण म्हणजे कोण?" वडोदऱ्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला त्याचे उत्तर देता आले नाही. दोन्ही बाजूंस मराठेच होते, एवढेच मी कबूल केले. वर्गात हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता.

श्रोतेहो, पावसाळ्यात डोंगर चढणे धोक्याचे असू शकते, हे मी लपवीत नाही. हवामान पाहून निघावे, शिखराचा हट्ट धरू नये, आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने चालावे. एवढे पथ्य पाळलेत तर आडहंगामातही सहल सुखाची होईल. आम्ही बावीस जण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंब भिजून घरी आलो. पुढील वर्षीची वर्गणी त्या दोन कुटुंबांनी सर्वांआधी आणून दिली आहे.