भावाचे पैसे, नवऱ्याचे घर
(कुटुंब सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील मांडणीचे शब्दांकन)



जमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून आपल्याकडे पुष्कळ काम झाले. शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. आज मला शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटबद्दल बोलायचे आहे, आणि त्यातही घरकर्ज घेताना सुरुवातीला आपल्या खिशातून भरायच्या रकमेबद्दल.

आमच्या केंद्रात एक बाई आली. खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. लग्नाला दहा वर्षे झालेली, नवऱ्याने घराबाहेर काढलेले. म्हणाली, "ताई, ते घर माझ्या भावाच्या पैशावर उभं आहे." भाऊ मस्कतला नोकरीला. घर चाळीस लाखांचे, त्यातले आठ लाख भावाने पाठवले होते.

मी तिची कागदांची पिशवी उघडली. खरेदीच्या करारनाम्यावर एकच नाव, नवऱ्याचे. कर्जाच्या कागदांवर मात्र हिची सही, कारण हिचा पगार धरल्याशिवाय तेवढे कर्ज बसतच नव्हते. आठ लाख आले नवऱ्याच्या खात्यात. "तुझं पगाराचं खातं, त्यात एवढी रक्कम कशाला," असे तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "नावात काय आहे, घर दोघांचंच."

आता बँकेची बाजू पाहू. बँक घराची पूर्ण किंमत कर्जाऊ देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. बाकीचे आपण उभे करायचे. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे आणखी वेगळा. ही रक्कम खात्यात एकदम आलेली दिसली की बँक विचारते, कुठून आली? कुणाचे कर्ज तर नाही ना? म्हणून देणाऱ्याकडून पत्र घेतात, की ही भेट आहे, परत मागणार नाही.

या बाईच्या भावानेही असे पत्र दिले. पैसे नवऱ्याच्या खात्यात आलेले, म्हणून बँकेतल्या माणसाने मजकूर तसाच केला: ही रक्कम मी बहिणीच्या नवऱ्याला भेट देत आहे. भावाने न वाचता सही करून पाठवून दिले. आयकरालाही अडचण आली नाही, कारण बायकोचा भाऊ हा कायद्याने नातेवाईकच. त्याची भेट करमुक्त. म्हणजे भेट खरी कुणाला, हा प्रश्न विचारायचे कुणालाच कारण पडले नाही. आज भाऊ सांगतो, मी ताईसाठीच दिले. पण त्याच्याच सहीचा कागद त्याच्या विरुद्ध उभा आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला त्या घरात राहण्याचा आदेश मिळाला. नाव नसले तरी राहण्याचा हक्क आहे, हे आपण सगळ्यांना सांगत राहिले पाहिजे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. मालकीचा दावा कुटुंब न्यायालयात चालू आहे. मी एम.एस.डब्ल्यू. करताना कायदे शिकले. पासबुक वाचायला मला या बाईने शिकवले.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवू या.

पैसे बाईच्या एकटीच्या खात्यात यावेत, तेही बँकेमार्फतच. हवाला नको, आणि कुणाच्या हाती रोख रकमेची पुडकीही नकोत. पाठवण्याचे कारण 'भेट' असेच लिहावे आणि परदेशातून रक्कम आल्याचा बँकेचा दाखला मागून घ्यावा.

पत्रात देणाऱ्याचे नाव, नाते, रक्कम, तारीख, खाते आणि 'ही भेट फक्त माझ्या बहिणीला' हे शब्द असावेत. खाली तिची स्वीकारल्याची सही. पैशाची भेट देण्याघेण्याने पुरी होते, नोंदणीची सक्ती नाही. पत्र हा पुरावा आहे, आणि उद्या तोच लागतो.

तिथून पुढे रक्कम तिच्याच खात्यातून, तिच्याच चेकने घर विकणाऱ्याकडे जावी. करारनाम्यात तिचे नाव आणि हिस्सा लिहावा. सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. सहकर्जदार पूर्ण कर्जाला बांधलेली असते, मग घराच्या एका विटेवरही तिचे नाव नसो. खरेदीदार केवळ स्त्री असेल, तर महाराष्ट्रात २०२१ पासून घराच्या स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट आहे. घरी बोलणी करताना हा मुद्दा कामी येतो.

नात्याचा हिशेबही नीट बघा. आईवडील, भाऊ, बहीण, मावशी, आत्या, काका, मामा यांची भेट करमुक्त. पण चुलत किंवा मावस भाऊ त्या यादीत नाही. मावशीने भाचीला दिलेले चालते, भाचीने मावशीला दिलेले यादीत बसत नाही. अशांकडून वर्षात एकूण ५० हजारांच्या वर आले तर सगळ्या रकमेवर कर लागतो. आणि पैसे फेडायचे ठरले असतील तर ते उसने आहेत. त्याला भेट म्हणून खोटी सही करू नका.

शेवटची गोष्ट माहेरची आहे, म्हणून जास्त अवघड. भावाने घराला पैसे दिले की काही घरांत लगेच हक्कसोड पत्र पुढे येते. "एवढं दिलं ना त्यानं, आता सही कर." हिंदू वारसा कायद्यातला मुलीचा समान वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मान्य केला. तो भावाच्या मायेवर अवलंबून नाही. सहीच्या बदल्यात दिलेले पैसे हा सौदा आहे, आणि सौदाच करायचा तर आधी वाट्याची किंमत काढावी. मुस्लिम मैत्रिणींचे वारसाचे नियम वेगळे आहेत, पण भेटीचा स्वच्छ कागद त्यांनाही तितकाच लागतो. कोकणातल्या कितीतरी घरांत आखातातून पैसा येतो, हे इथल्या रत्नागिरीच्या मैत्रिणींना मी सांगायला नको.

एक विनंती करते. बाई केंद्रात आली की आपण मारहाण, दागिने, मुले यांची माहिती लिहून घेतो. त्या फॉर्ममध्ये आणखी दोन ओळी घाला: घरासाठी पहिली रक्कम कुणी दिली, आणि ती कुणाच्या खात्यात आली? बचतगटाच्या बैठकीत तर हे घर घेण्याआधीच विचारता येईल. परदेशातल्या भावाला, बहिणीला एक फोन त्याच वेळी करायला सांगा: पैसे पाठव, पण माझ्या खात्यात.