घरबसल्या पाहिलेला जपान
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी इयत्तेपर्यंत शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. चिटणीसबाईंनी जपानवर बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी जपान कुठे पाहिलाय?" त्या म्हणाल्या, "घरात बसून जो पाहिलात, तोच सांगा." तेव्हा तेवढेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

२०२० साल आपण कोणीच विसरणार नाही. माझ्या सासूबाई दरवर्षी आषाढीच्या वारीला पायी जात. त्या वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही; माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. सासूबाई खिडकीशी बसून राहत. बोलणे कमी झाले, जेवणही कमी झाले.

जुलैमध्ये धाकट्या मुलीने मोबाइलवर जपानचा एक ऑनलाइन उत्सव लावला. ती जपानी भाषा शिकते. आजीला शेजारी बसवून ती एकेक गोष्ट मराठीत सांगू लागली.

पहिली गोष्ट क्योतो शहरातील गिओन उत्सवाची. ८६९ साली त्या देशात साथ पसरली होती. ती शमावी म्हणून त्या वेळच्या ६६ प्रांतांच्या नावे ६६ भाले उभारून देवाची प्रार्थना केली, तिथून हा उत्सव सुरू झाला. आता दर जुलैत तेथे उंच, शृंगारलेले रथ माणसे दोरांनी ओढतात. पण २०२० साली साथीमुळेच ती मिरवणूक रद्द झाली. हे ऐकून सासूबाई बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलल्या, "म्हणजे त्यांचीही वारी चुकली म्हणायची!"

मग फुरोशिकी दाखवली. एक चौकोनी कापड. त्यात डबा, पुस्तक, फळ, काहीही गाठी मारून बांधायचे. पूर्वी स्नानगृहात कपडे बांधून न्यायला हे कापड वापरीत. सासूबाई हसल्या. "अगं, हे तर आपलं गाठोडं!" त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा आणून मुलीच्या आधी गाठ मारून दाखवली.

शेवटी चहाचा विधी पाहिला. हिरव्या चहाची पूड गरम पाण्यात बांबूच्या घोटणीने घुसळतात. त्यात दूध नाही, साखर नाही. आधी गोड खायचे, मग चहा. यजमान वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे करून देतो. पाहुणा नम्रपणे वाडगा थोडा फिरवून पितो. या विधीत त्यांचे एक वचन आहे, त्याचा अर्थ असा की ही भेट एकदाच. पुन्हा भेटलो तरी ती भेट निराळी.

आमच्याकडे तो चहा कुठला? मी गुळाचा खडा ठेवला आणि आपलाच चहा वाडग्यात दोन्ही हातांनी दिला. सासूबाईंनी तो फिरवून घेतला. म्हणाल्या, "वारीत लोक असाच दोन्ही हातांनी चहा देतात, माउली म्हणतात." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

भगिनींनो, पडद्यावर चहाचा वास येत नाही, रथाचा दोर हाताला लागत नाही, हे खरेच. पण बघून जे हाताने करून पाहिले, ते आमच्या घरात राहिले.

२०२२ साली गिओनचे रथ पुन्हा निघाले, पायी वारीही निघाली. ती पाहायला सासूबाई नव्हत्या. २०२१ साली त्या गेल्या. तो वाडगा मी जपून ठेवला आहे. मी त्या दिवशी, रात्रीचा स्वयंपाक राहिलाय म्हणून उठून गेले असते, तर ती भेट मला मिळाली नसती.

म्हणून दोन विनंत्या करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण प्लॅस्टिकच्या पिशवीत न देता जुन्या साडीच्या कापडात बांधून देऊ या. गाठी शिकवायला मी येईन. आणि आपल्या ज्या भगिनी आजारपणामुळे वा वयामुळे येथे येऊ शकत नाहीत, त्यांना कार्यक्रम मोबाइलवर दाखवू या. मात्र नुसता दाखवू नये; शेजारी एकीने बसावे आणि दोन्ही हातांनी चहा द्यावा.