जलरंगांचे आचार्य सावळाराम हळदणकर



म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ‘ग्लो ऑफ होप’ नावाचे एक चित्र आहे. हाती दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीवर धरलेला हाताचा आडोसा आणि बोटांतून पाझरणारी लालसर आभा! पाहणारे कितीतरी जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र १९४५च्या सुमाराचे, आणि ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे.

हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. संस्थानाचे साहाय्य मिळाले म्हणून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकू शकले. घेतलेली विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १९०८ साली, ऐन पंचविशीत, त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८च्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते.

व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे दोन्ही त्यांनी रंगविली. पण खरी हुकमत जलरंगांवर. तैलरंगात चुकीवर दुसरा थर चढविता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तेथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. पाण्यावरची चमक हवी असेल, तर नेमक्या त्या जागी कुंचला आवरावा लागतो. म्हैसूरचे ते चित्रही, आश्चर्य म्हणजे, जलरंगातलेच.

त्यासाठी उभी राहिली होती त्यांची कन्या गीता. हळदणकर १९६८ साली गेले. गीताबाई त्यानंतर पन्नास वर्षे जगल्या. २०१८ साली, शंभरी ओलांडून, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.