नौखंड्यात कोण राहिलं?



राजवाडा म्हटलं की पुष्कळांना फ्रान्सचा व्हर्साय आठवतो. पण आपल्या शहरात मलिक अंबरनं 1616 साली नौखंडा महाल बांधला, तेव्हा व्हर्सायला राजाची शिकारीची कोठीसुद्धा नव्हती. ती त्यानंतर सात वर्षांनी झाली.

मलिक अंबरचं जन्मनाव चापू. हबशांच्या मुलखातलं हे पोर गुलाम म्हणून विकलं गेलं, हातोहात फिरत दख्खनेत आलं आणि निजामशाहीचा कारभारी झालं. 1610 साली त्यानं खडकी वसवली, तेच आपलं शहर. त्याच्या पदरच्या मराठे सरदारांची आठवण मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांनी जपली. महाल झाला त्याच वर्षी रोषणगावच्या लढाईत त्याची हार झाली आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. त्यानं गाव पुन्हा उभं केलं. ही जिद्द मला महालाच्या भिंतींहून मोठी वाटते.

आणि पाणी! उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, नुसत्या उताराच्या बळावर त्यानं गावात आणलं. तीच आपली नहर-ए-अंबरी. पुढे व्हर्सायला सीन नदीचं पाणी चढवायला अवाढव्य यंत्र बसवलं, तरी कारंज्यांना ते पुरेना. राजा फिरायला निघाला की माळी एकमेकांना शीळ घालून इशारा देत, आणि तेवढ्यापुरती कारंजी सोडत. आमच्या खडकीत मात्र नहरीचं पाणी वस्तीतल्या हौदांपर्यंत पोचलं. नळाला पाणी कधी येईल म्हणून कान देऊन बसणाऱ्या आजच्या घरांना याचं मोल सांगायला नको.

मलिक अंबर 1626 मध्ये वारला. शहराचं नाव फतेहनगर झालं, मग औरंगाबाद. 1724 नंतर पहिला निजाम आसफजाह इथून दख्खनचा कारभार पाहू लागला आणि नौखंड्याला पुन्हा दरबारी दिवस आले. 1751 मध्ये त्याचा मुलगा सलाबतजंग शहरात आला, तो बुसी या फ्रेंच सेनापतीची पलटण सोबत घेऊन. बारा वर्षांनी राजधानी हैदराबादला गेली, आणि महालातली वर्दळ ओसरली.

जुन्या गॅझेटियरमध्ये या महालाचं वर्णन आहे. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद, कचेरी आणि पाच जनानखाने. प्रत्येकाला बाग, प्रत्येकाला हौद. पाच जनानखाने म्हणजे किती बायका, किती दासी, किती पाणी भरणाऱ्या! सकाळी हौदावर त्यांच्या बोलण्याचा केवढा गलका होत असेल. कुणी माहेरची आठवण काढत असेल, कुणी लढाईवरच्या माणसाची वाट पाहत असेल. मलिक अंबरची बीबी करीमा हिचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण खुलताबादला तिची कबर आहे. बाकीच्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. लढाया आणि तहांच्या तारखा मात्र जपून ठेवल्या. याची मला मनापासून खंत वाटते.

आज नौखंड्याच्या आवारात मुलींचं महाविद्यालय आहे. सकाळी भडकल दरवाज्याच्या बाजूनं रिक्षा येतात, मुली दप्तरं सावरत उतरतात. तास सुरू होतो, आणि बाई हजेरीपट उघडून एकेकीचं नाव पुकारू लागतात.